वावर विकून पहाडात घर घ्यावं का?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, पुढच्या वर्षी निवृत्ती. मुलगा पुण्यात आहे. तो गावाकडे परत येणार नाही, हे त्यानं न सांगताच आम्हाला कळलंय. राहतं घर आहे आणि तीन एकर कोरडवाहू वावर, सोयाबीन-तुरीचं.

गेल्या मे महिन्यात मी आणि सौ. मुक्तेश्वरला जाऊन आलो. नैनिताल जिल्ह्यात, साडेसात हजार फुटांवर. इकडे पारा ४५ वर, कुलरची टाकी दिवसातून तीनदा भरायची, आणि तिकडे सौ.नं संध्याकाळी स्वेटर घातला. तिला दर उन्हाळ्यात एकदा तरी सलाईन लावावी लागते. तिथे आठ दिवसांत एकदाही डोकं दुखलं नाही. दोन दिवस रात्री पाऊस पडून गेला, तर सकाळी समोर बर्फाची अख्खी रांग. नंदादेवी कोणती ते होमस्टेच्या पोऱ्यानं बोट करून दाखवलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

होमस्टेच्या खालच्या अंगाला दहा नाली (तिकडचं जमिनीचं माप) जमीन विकाऊ आहे म्हणे. एक दलाल भेटला होता, तो आता रोज सकाळी सुप्रभातसोबत जागेचे फोटो पाठवतो. त्याचं म्हणणं, 'आप तो किसान हो, आपको कोई दिक्कत नहीं.' सातबारा माझ्या नावावर आहे हे खरंच. वावर विकलं तर तेवढे पैसे उभे राहतात.

मला तिथे जमीन घेता येते का? हिमाचलमध्ये घेतलेली बरी की उत्तराखंडात? आणि बारा महिने राहणं जमतं का आपल्यासारख्यांना? कोणी केलंय का असं?

पऱ्हाटी

गुर्जी, जाच बापा. पन एक सांगा, तिथं शेजारी मेला त कोन्त्या भाषेत रडाचं?

वाचणारी

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय दर मे महिन्यात निघतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की बंद होतो.

जुना_तलाठी

गुरुजी, ३१ वर्षं तलाठी आणि मंडळ अधिकारी म्हणून काढली. जावई देहरादूनला नोकरीला, त्यामुळे तिकडचे कागद चाळायची खोड लागली आहे. सविस्तर लिहितो.

आधी हिमाचल. तिथला कुळ आणि जमीन सुधारणा कायदा १९७२ चा, त्यातलं कलम ११८ प्रसिद्ध आहे. शेतकरी नसलेल्याच्या नावे जमिनीचं कोणतंही हस्तांतरण चालत नाही. नुसती विक्री नाही, बक्षीस, मृत्युपत्र, भाडेपट्टा सगळं त्यात आलं. आता तुमच्या दलालाची मेख कुठे आहे ती बघा. 'शेतकरी' म्हणजे त्या कायद्यात हिमाचलमधली जमीन स्वतः कसणारा. तुमचा आर्वीचा सातबारा तिथे रद्दीच्या भावाचा. सरकारची परवानगी काढून घरासाठी ५०० चौरस मीटर आणि दुकानासाठी ३०० चौरस मीटरपर्यंत घेता येतं, पण ती ठरलेल्या मुदतीत त्या कामासाठी वापरलीच पाहिजे. नाहीतर जमीन सरकारजमा. तिथल्या गृहनिर्माण मंडळाचं बांधलेलं घर घेतलं तर ही परवानगी लागत नाही, तेवढी एक वाट आहे.

उत्तराखंड २००० साली वेगळं झालं. बाहेरच्या माणसाला पालिका हद्दीबाहेर घरासाठी आधी ५०० चौरस मीटर चालायचे, २००७ मध्ये ते २५० वर आणले. मध्यंतरी उद्योगांसाठी सैल केलं आणि तिथून ओरड सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेनं नवीन कायदा केला: १३ पैकी ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि बागायतीची जमीन घेता येणार नाही. सूट फक्त हरिद्वार आणि उधमसिंहनगरला, म्हणजे सपाटीला. नैनिताल जिल्हा त्या ११ मध्ये आहे. घरासाठी २५० चौरस मीटर, तेही अख्ख्या कुटुंबाला आयुष्यात एकदाच, आणि तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

आता हिशेब. नाली म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. आपल्या भाषेत दोन आर. दहा नाली म्हणजे अर्धा एकर. तुम्हाला मिळू शकतं अडीच आर, म्हणजे सव्वा नाली. उरलेल्या पावणेनऊ नालीचं दलाल काय करणार आहे ते त्याला विचारा आणि इथे सांगा. मला उत्तर माहीत आहे, पण तुमच्या तोंडून ऐकू द्या.

धुऱ्यावरचा

काका, धन्यवाद. विचारलं. तो म्हणतो, पावणेनऊ नाली त्याच्या भाच्याच्या नावावर घ्यायची, पैसे आपले, आणि भाच्याकडून आपल्या नावे मुखत्यारपत्र. 'सब ऐसे ही करते हैं.'

पण मनात एक राग आहे तो बोलून दाखवतो. देश एक आहे ना? तिथला माणूस नागपुरात येऊन हॉटेल टाकू शकतो, फ्लॅट घेऊ शकतो. मी आयुष्यभर मुलांना संविधान शिकवलं, भारतात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क म्हणून. आणि मी म्हातारपणी अर्धा एकर घेतला तर परका?

जुना_तलाठी

राहण्याचा हक्क आहे, कलम १९ मध्ये. जमीन घेण्याचा वेगळा. मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४व्या घटनादुरुस्तीनं, १९७८ सालीच काढला. आणि गुरुजी, आधी स्वतःच्या घरात बघा. आपल्या विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा, त्याचं कलम ८९ काय म्हणतं? शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही. नागपूरचे किती डॉक्टर आणि ठेकेदार 'शेतकरी दाखवा हो' म्हणून माझ्यासमोर बसून गेले. नागपुरात फ्लॅट कोणीही घ्यावा, वावर नाही. म्हणजे दोन्हीकडे आडकाठी एकच आहे, त्यांनी ती जरा वर बांधली इतकंच.

भाच्याचं जे सांगताय त्याला बेनामी म्हणतात. १९८८ चा कायदा आहे, २०१६ मध्ये त्याला दात बसवले. जमीन जप्त आणि सात वर्षांपर्यंत कैद. हिमाचलच्या कलम ११८ मध्ये तर मुखत्यारपत्र देऊन ताबा देणं हेसुद्धा हस्तांतरणच धरलंय. शिवाय भाचा उद्या 'माझीच जमीन' म्हणाला तर तुम्ही कोणत्या तोंडानं कोर्टात जाणार?

संत्राबाग

गुरुजी, मी वरुडचा. तुम्ही म्हणता ते मी केलंय, म्हणून इथे लिहितोय. घरी हा विषय काढायची सोय नाही.

२०१६ साली मी आणि साळा मिळून नैनिताल जिल्ह्यातल्याच रामगडच्या पुढे २५० चौरस मीटर घेतली. कायद्यात बसणारी, नीट खरेदीखत केलेली. फळांचा पट्टा आहे, सफरचंद, आडू (पीच), खुबानी (जर्दाळू). संत्र्यावाल्याला बागा दिसल्या की बुद्धी फिरतेच. विकणारा माणूस चांगला होता, आजही बोलतो. त्याची लबाडी नव्हती. अडचण खतौनीत होती.

खतौनी म्हणजे आपला सातबारा समजा. त्यात एका खात्यावर अकरा नावं. याला तिकडे गोल खाता म्हणतात. आजोबाच्या नावची जमीन, वाटणी तोंडी झालेली, मोजणी कधी नाही. निम्मे वारस दिल्लीला, पायथ्याच्या हल्द्वानीला. आमच्या माणसानं 'माझा हिस्सा इथून इथपर्यंत' म्हणून अक्रोडाच्या झाडापासून हात फिरवला आणि आम्ही ते मानलं. वरुडात मी धुऱ्याच्या वीतभर जागेसाठी भूमी अभिलेखचा मोजणीदार बोलावतो, तिथे अक्रोडाच्या झाडावर भरोसा ठेवला. खरेदी झाली आणि दाखिल-खारिज, म्हणजे आपला फेरफार, घातला तर दिल्लीहून एक चुलतभाऊ उगवला. रस्त्याकडची पट्टी माझी म्हणे. दोन वर्षं आक्षेपात गेली. तडजोडीत पट्टी सोडली. म्हणजे आता आमच्या प्लॉटला रस्ता नाही, पायवाट आहे.

मग बांधकाम. रेती, गिट्टी, लोखंड सगळं खालून हल्द्वानीकडून ट्रकनं येतं आणि ट्रक डांबरी संपते तिथे माल टाकतो. पुढे खच्चर. खच्चराच्या दोन बाजूंना दोन गोण्या, फेरीप्रमाणे पैसे. दोन खोल्यांचं घर, पण खोल्यांपेक्षा जास्त पैसा पुश्त्यात गेला. पुश्ता म्हणजे उतार धरून ठेवणारी दगडी भिंत, हिमाचलात तिला डंगा म्हणतात. खाली एक, मागे एक. आपल्या काळ्या मातीत पायाचं कसं असतं, खोल जा, मुरूम लागला की निवांत. तिथे तुम्ही भरावावर उभे की जुन्या दरडीवर, हे पावसाळ्यातच कळतं.

आम्हाला पावसाळा संपल्यावर कळलं. १८ आणि १९ ऑक्टोबर २०२१. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटर पाऊस. तिथे १८९७ पासूनच्या नोंदीत इतका कधी नव्हता. मी वरुडात मृग बहाराच्या फळांवर फवारणी करत होतो. गावच्या माणसाचा फोन चौथ्या दिवशी लागला. दिवाळीनंतर गेलो तर घर उभं होतं. न्हाणीघराची मागची भिंत आणि पुश्ता खालच्या नाल्यात. न्हाणीच्या उंबऱ्याशी ठेवलेली निळी बादली जागच्या जागी होती, अर्धी भरलेली, आणि तिच्या मागे भिंतीच्या जागी सरळ दरी दिसत होती. फोटो काढला आहे, टाकत नाही.

पुश्ता परत बांधला. साळ्याशी बोलणं अजून हिशेबापुरतंच आहे.

वाचणारी

ती बादली डोळ्यांसमोरून जात नाही.

पऱ्हाटी

संत्राभाऊ, म्हंजे तुमी तिथं राह्यले किती दिवस, हे त सांगाच.

संत्राबाग

नऊ वर्षांत मिळून दीड महिना असेल. संत्र्याचे दोन बहार, मुलीचं लग्न, वडिलांचं आजारपण. मे महिन्यात जावं म्हटलं तर इथे पाण्याचा प्रश्न, बाग कोणावर सोडणार?

देहरादूनकर_वऱ्हाडी

मूळचा दर्यापूरचा, सहा वर्षं देहरादूनला आहे. दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

इथे डिसेंबर २०२३ मध्ये मूल निवास (मूळ रहिवाशांची ओळख) आणि भू-कानून (कडक जमीन कायदा) यांसाठी मोर्चा निघाला, परेड ग्राउंड भरलं होतं. माझ्या ऑफिसातला शिपाई पौडीचा. त्याच्या गावात आठ घरांना कुलूप आहे आणि वरच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, बाहेरच्यांचे चार बंगले, त्यांनाही वर्षातले अकरा महिने कुलूप. तो म्हणतो, 'साब, दोनों तरफ ताले हैं, पर चाबी अलग-अलग जेब में है.' पलायन हा इथला इतका मोठा प्रश्न आहे की सरकारनं २०१७ मध्ये त्यासाठी आयोग नेमला. घर टिकवण्याइतकी कमाई गावात नाही, म्हणून जमीन विकायची, आणि विकली की परत यायला जागा नाही. आपल्याकडे समृद्धीच्या वेळी पैसे घेऊन गाड्या घेतलेले लोक आठवा.

आणि भूगर्भाचंही बोलू. १९९१ उत्तरकाशी, १९९९ चमोली हे भूकंप झाले. २०१३ मध्ये केदारनाथ. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात घरांना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये धराली गाव पुराच्या गाळाखाली गेलं. त्या धरालीत नाल्याच्या तोंडाशी हॉटेलं होती. जुनी गावं बघा, नाल्यापासून बाजूला, धारेच्या खांद्यावर बसलेली असतात. जी जागा 'व्ह्यू'साठी विकायला येते ती बहुतेक वेळा जुन्या माणसांनी मुद्दाम सोडलेली असते.

जुना_तलाठी

हे शेवटचं वाक्य सोन्याचं. त्याला एक जोड देतो. कुमाऊंमध्ये, म्हणजे नैनितालकडच्या पहाडात, 'नाप' आणि 'बेनाप' असे दोन शब्द ऐकाल. नाप म्हणजे मोजलेली, खातेदाराची. बेनाप म्हणजे न मोजलेली. ती इंग्रजांनी १८९३ च्या अधिसूचनेनं संरक्षित वनात घातली. प्लॉटपुढचा मोकळा उतार 'ये भी अपना ही समझो' म्हणून दाखवतात तो बेनाप असू शकतो. गावनकाशावर बोट ठेवून बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

अवांतर: पहाडातल्या पटवाऱ्याकडे दीडशे वर्षं पोलिसाचेही अधिकार होते! खून झाला तरी तपास पटवारीच करायचा. आता नेहमीच्या पोलिसांकडे देत आहेत. आम्हाला इथे कोतवाल ऐकत नव्हता.

सेवाग्रामची

गुरुजी, सगळे जमिनीचंच बोलताहेत. तुम्ही विचारलेला तिसरा प्रश्न, राहणं जमतं का, तो तसाच राहिला. मी कुमाऊंतल्याच कौसानीला चौदा महिने भाड्यानं राहिले आहे, एकटी, वयाच्या ६१व्या वर्षी.

कौसानीच का, तर सरलाबहनमुळे. या इंग्रज बाई १९३२ मध्ये भारतात आल्या, आमच्या सेवाग्रामला राहिल्या, पण इथला उन्हाळा आणि मलेरिया काही सोसवेना. गांधीजींनी त्यांना कौसानीकडे पाठवलं. १९२९ मध्ये ते स्वतः तिथे राहून गेले होते. तिथे बाईंनी पहाडातल्या मुलींसाठी १९४६ मध्ये लक्ष्मी आश्रम काढला आणि तिथल्याच होऊन गेल्या. लहानपणापासून ऐकलेलं. म्हटलं, आपल्या उन्हाळ्याला कंटाळून तिकडे जाणाऱ्यांत आपण काही पहिले नाही.

तर ऐका. एप्रिल-मे जितका सुंदर सांगतात तितका नसतो. चीडाची (पाइनची) पानं, पिरूल म्हणतात, वाळून रानभर पसरलेली असतात. त्यावरून पाय सटकतो आणि एक काडी पडली की डोंगर पेटतो. २०२४ मध्ये नैनितालजवळ हेलिकॉप्टरनं पाणी टाकावं लागलं. मी होते त्या मे महिन्यात तीन आठवडे धुरामुळे समोरची टेकडी दिसली नाही, हिमालय तर राहूच द्या. डोळे चुरचुरायचे. गुरुजी, तुमच्या आठ दिवसांत रात्री पाऊस झाला हे तुमचं नशीब.

नळाला एक दिवसाआड पाणी. मे महिन्यात तेही नाही, मग नौल्यावर. नौला म्हणजे पायऱ्या असलेलं झऱ्याचं कुंड. उतरताना ६० पायऱ्या, चढताना त्याच १६० वाटतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, पिठाला वास येतो, रस्ता बंद. जुलैत सलग पाच दिवस गॅसची गाडी आली नाही, घरमालकिणीनं चुलीवर माझीही भाकरी टाकली. जानेवारीत सकाळी नळातून पाणी नाही, बर्फाचा खुळखुळा. आणि चार वाजता ऊन डोंगरामागे गेलं की पुढची संध्याकाळ फार लांब असते. पुस्तकं संपतात हो.

एका रात्री घरमालकाचा भोट्या कुत्रा ओरडला आणि मग ओरडणं मध्येच थांबलं. सकाळी अंगणात फक्त साखळी. बिबट्या.

मला तिथे सगळ्यात काय आवडलं? ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि भट्ट. काळं सोयाबीन असतं त्यांचं, लोखंडी कढईत भाजून त्याची चुडकानी करतात, भाताबरोबर. आपण पिढ्यान्पिढ्या सोयाबीन पिकवलं असतं तरी कधी ताटात घेतलं नसतं. मी गेले तेव्हा घरमालकीण हसली होती, 'तुम्हारे यहाँ सोयाबीन बेचते हो, खाते नहीं?'

मी परत का आले, तर दम लागायला लागला. मोठा दवाखाना हल्द्वानीला, घाटातून पाच-सहा तास. सौ. वहिनींना दर उन्हाळ्यात सलाईन लागते म्हणालात. ती लावायला तुमच्या गावाहून आर्वी किती मिनिटं?

आणि हे सगळं वहिनींना विचारलंय का? धाग्यात त्यांनी फक्त स्वेटर घातलेला दिसतो.

पऱ्हाटी

ताई, एक नंबर.

मेळघाटप्रेमी

इतक्या लांब कशाला? आपलं चिखलदरा आहे की. ३६०० फुटांवर, कॉफी पिकते, पावसाळ्यात ढग खोलीत येतात, परतवाड्याला उतरलं की दवाखाना. आसपासच्या गावांत जमीन स्वस्त मिळेल.

जुना_तलाठी

स्वस्त मिळते ती बहुतेक कोरकू आदिवासींची असते. महसूल संहितेचं कलम ३६अ, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि तशीच घेतली तर वर्षानुवर्षांनी का होईना परत करावी लागते. असे आदेश माझ्या हातून गेले आहेत. बाजूला व्याघ्र प्रकल्प आहे तो वेगळाच. चिखलदऱ्याच्या हद्दीत जुनं घर मिळालं तर बघा, गावांत नको.

पऱ्हाटी

गुर्जी, आता थट्टा सोडून बोलतो. माह्या बापानं ८७ साली दोन एकर इकलं, अमरावतीले घर बांधाले. घर झालं, थे चांगलंच झालं. पन बाप दरवर्सी पोळ्याले गावात आला की त्या वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहे. कोनासंगं बोले नाही. बैल पाहे दुसऱ्याचे. तुमचं वावर इकाचं आसंन त इका, पन पहाडासाठी नोका इकू. तिकडं भाड्यानं राहा, मन भरलं की या. वावर इकलं की यालेच जागा नाही.

धुऱ्यावरचा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सोयाबीनची काढणी होती.

सेवाग्रामच्या ताईंचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मला थंडावा पाहिजे होता, डोंगर तुम्हाला पाहिजे होता.' मग म्हणाली, उन्हाळ्यात दोन महिने कुठेही ने, पण पोळा, महालक्ष्म्या माझ्या घरीच. हे तिनं मुक्तेश्वरलाही सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही.

दलालाकडे खतौनी मागितली. आधी फोटो बंद झाले, मग पाठवली. १४ नावं आहेत, त्यातली तीन मयत. काकांनी सांगितल्याप्रमाणे गावनकाशाही मागितला, त्यावर उत्तर नाही. सुप्रभातही नाही.

तर ठरलं असं: वावर विकत नाही. निवृत्तीनंतर कौसानीला खोली भाड्यानं, पण मे महिन्यात नाही. ताई म्हणतात तो सगळ्यात वाईट काळ आधी बघायचा, म्हणून मी एकटाच जुलैचा महिना राहून येणार. सौ. म्हणाली, जा, पिठाला वास येतो का ते बघून ये. ताई, घरमालकिणीचा नंबर निरोपातून पाठवाल का? जुलैत पेरणी झालेली असेल, डवरणी-निंदण मात्र कोणावर तरी सोपवावं लागेल.

सेवाग्रामची

पाठवला. त्यांना सांगा, सोयाबीन न खाणाऱ्या गावचा आहे. लगेच ओळखतील.

पऱ्हाटी

निंदनाचं मी पाह्यतो, गुर्जी. तुमच्या गावाले माही बहीन देली हाय. फक्त येतानी थे काळं सोयाबीन पायलीभर आना. धुऱ्याच्या कडंनं दोन तासं लावून पाहू, येते का आपल्या मातीत.